नवतप्यात बघावं अंगण

वर्ध्यात झाडं विकत घ्यायचा हंगाम ठरलेला आहे. मृगाचे दोन-चार पाऊस पडले, हवेत गारवा आला, की पवनारच्या बाजूला असलेल्या आमच्या छोट्या रोपवाटिकेत गर्दी सुरू होते. आषाढातल्या रविवारी तर उभं राहायला जागा नसते. त्या दिवसांत प्रत्येक रोप देखणं दिसतं. फर्नला नवे कोंब आलेले असतात, गुलाबाला कळ्या असतात, पामचं पान न् पान धुऊन निघालेलं असतं. माणसं डोळ्यांना आवडेल ते उचलतात आणि गाडीत मावतील तेवढी रोपं घेऊन जातात. त्यातली बरीच पुढचा जून बघत नाहीत.

लोकांच्या घरी बागा लावून देणं हेच माझं काम. ते करता करता एक मत पक्कं झालं आहे: रोप जुलैत लावावं, पण निवडावं मे महिन्यात. त्यातही जमलं तर नवतप्यात. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस विदर्भ भाजून निघतो. पारा ४४-४५ अंशांवर असतो, काही वर्षी ४६च्याही वर जातो. वर्ध्याच्या अक्षांशावर याच सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जे झाड तुमच्या अंगणात हे नऊ दिवस तग धरून राहील, ते तुमच्या अंगणाचं झाड.

म्हणून बाग करायची आहे असा फोन हिवाळ्यात आला तरी मी मे महिन्यातली दुपार मागते. लोकांना नवल वाटतं. "ताई, एवढ्या उन्हाच्या काय येता जी? सकाळी या ना." पण मला ऊनच पाहायचं असतं. ते कुठून येतं, कुठल्या भिंतीवर आपटतं, कुठं किती वेळ थांबतं, हे सकाळच्या गार वेळी कळत नाही.

शहराच्या कडेला नव्या लेआउटमध्ये एका निवृत्त शिक्षकांनी घर बांधलं होतं. सरांना घरचा आंबा हवा होता. काकूंना मोगरा, गोडलिंब आणि पूजेपुरती फुलं हवी होती. पुण्याच्या मुलीनं मोबाईलवर फोटो पाठवले होते: हिरवळ, अरेका पाम, भिंतीला टांगलेली फर्नं. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही तिघं डोक्याला दुपट्टे गुंडाळून घराभोवती फिरलो. पश्चिमेच्या बाजूला कुंपणाच्या भिंतीला काकूंनी हात लावला आणि चटकन मागे घेतला. घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जेमतेम चार-पाच फुटांची पट्टी. वरून ऊन, दोन्ही बाजूंनी भिंतींची धग. मुलीच्या यादीतली फर्नं नेमकी तिथंच लागायची होती. काकू स्वतःच म्हणाल्या, "इथं तर मीच दहा मिनिटं उभी नाही राहू शकत, ते नाजूक पान काय राहीन!" त्यांनी ते ऊन अंगावर घेतलं होतं, त्यामुळे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

त्या पट्टीसाठी आम्ही करवंद, मेहंदी आणि कोपऱ्यात बोगनवेल ठरवली. ही सगळी कडक उन्हाची झाडं. पूर्वेच्या बाजूला सकाळचं ऊन मिळतं आणि बारानंतर घराचीच सावली पडते. मोगऱ्याला याहून चांगली जागा नाही. भरपूर कोवळं ऊन मिळाल्यानं कळ्या धरतात आणि दुपारच्या झळीतून झाड वाचतं. उत्तरेची बाजू सगळे सावलीची समजतात, पण आपल्याकडे मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे ऐन जूनमध्ये उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागतं. तिथं फर्नं लावली, की पाऊस यायच्या तोंडावरच पानं करपतात. त्याऐवजी धोपा, आलं, हळद लावावी. त्यांचं पान पावसाळ्यात वाढतं आणि उन्हाळ्यात कंद जमिनीखाली निवांत असतो. दक्षिणेची बाजू हिवाळ्यासाठी राखून ठेवावी. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो तेव्हा सांबार, पालक, मेथी, टमाटे तिथं फार छान येतात.

ऊन पाहून झालं की मातीची पाळी. वर्धा जिल्ह्यात माती ठिकठिकाणी बदलते. हिंगणघाट-समुद्रपूरकडे खोल काळी, आर्वी-आष्टी-कारंज्याकडे पुष्कळ ठिकाणी हलकी, मुरमाड, निचऱ्याची. म्हणून तिकडे संत्र्याच्या बागा आहेत. संत्र्याच्या मुळांशी पाणी साचलेलं चालत नाही, खोडाला डिंक्या लागतो. काळ्या मातीत घर असलेला माणूस कारंज्याच्या पाहुण्याची बाग बघून येतो आणि अंगणात संत्रा लावायचा हट्ट धरतो. मी त्याला कागदी लिंबू सुचवते, तेही उंचवट्यावर.

काळी माती समजून घ्यायची तर मेमध्येच. भेगा एवढ्या पडतात की त्यांत मनगटापर्यंत हात जातो. दीड-दोन फूट खड्डा खणावा आणि त्यात पाणी ओतून बघावं. पहिली बादली भेगांत गडप होते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. माती फुगून भेगा मिटल्या की पुन्हा ओतावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं. पाणी तसंच उभं दिसलं तर पावसाळ्यात त्या खड्ड्याचं टाकं होणार. पपई, संत्रा, मोसंबी तिथं सडणार. जांब, कवठ, आवळा, चिंच, बोर यांना काळी भारी जमीन त्या मानानं चालते.

सरांच्या अंगणात काळी माती दिसतच नव्हती. पूर्वीच्या शेतावर लेआउट पडला, मग प्लॉट उंच करायला मुरूम टाकला आणि बांधकामाचा मलबा त्यातच दाबला गेला. खणलं तर हातभर मुरूम, त्यात विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, वाळू. आणि त्याखाली काळी. नव्या वस्त्यांमध्ये जवळपास सगळीकडे हेच असतं. आपल्या मातीत चुनखडी मुळातच जास्त, त्यात सिमेंटची भर. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत आणि एक्झोरा यांचं तर हटकून तसं होतं. गुलाब आणि जास्वंदीलाही त्रास होतो, पण मलबा उचलून, भरपूर शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत घालून त्यांना सांभाळता येतं. अनंताचा ज्यांना फारच लळा आहे, त्यांनी तो मोठ्या कुंडीत वेगळ्या मातीत लावावा.

मग आंब्याचा विषय निघाला. सरांच्या घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत सगळ्यात रुंद जागा दहा फूट होती. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मोठं झाड भिंतीजवळ असलं तर त्याची मुळं पायाखालची ओल शोषून घेतात, माती अधिक आकसते आणि भिंतीला तडा जातो. मुरूम वरचा असला तरी पाया काळ्या मातीतच उतरलेला असतो. मी सरांना हे खणलेल्या खड्ड्याजवळ उभं राहून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. लहानपणच्या वाड्यातल्या आंब्याचं त्यांच्या मनात फार होतं. शेवटी अंगणात सरदार जातीचा जांब ठरला, आणि आंबा लेआउटच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांच्या मालकीचा. तिथं त्याला चारी बाजूंनी तीस फूट मोकळी जमीन आहे आणि पाणी घालायला शेजारपाजारची पोरं आहेत.

मोठ्या झाडाबद्दल बोलताना मी लोकांना सेवाग्राम आश्रमाची आठवण देते. तिथं बापूंनी लावलेला पिंपळ आहे आणि कस्तुरबांनी लावलेला बकुळ आहे. आश्रमाला भेट देऊन आलेले कितीतरी जण घरी पिंपळ लावायचं मनात घेऊन येतात. भावना फार चांगली आहे. पण त्या पिंपळाला केवढं मोकळं आवार मिळालं आहे, तेही बघायला हवं. पिंपळ, वड, उंबर यांची मुळं नळ, नाली, पाया कशातही शिरतात. त्यांची जागा नदीकाठी, देवळापाशी, शाळेच्या मैदानात. बकुळ मात्र घरी आणण्यासारखा आहे. सावकाश वाढतो, बारमाही हिरवा असतो, दाट सावली देतो आणि मुळांचा उपद्रव कमी. जरा मोठं अंगण असेल आणि पश्चिमेला पंधरा-वीस फूट जागा असेल, तर कडुनिंब लावावा. फाल्गुनाच्या आसपास त्याची पानं गळतात आणि चैत्रात तो पालवतो. आपल्याला सावलीची गरज पडते त्या वैशाखात तो भरगच्च असतो. करंजही तसाच.

मुनगा घराला चिकटून लावू नये. वाऱ्यात त्याच्या फांद्या काडकन मोडतात. पण कुंपणाच्या कोपऱ्यात एक मुनगा असावाच. शेंगाही खाता येतात, पालाही खाता येतो, आणि एकदा जीव धरला की त्याला फारसं पाणीही लागत नाही.

जागा आणि झाड ठरलं, की रोप निवडायचं. ते निवडताना बुंधा बघावा आणि मुळं बघावीत. फुललेलं, उंच, लवलवतं रोप बरेचदा लहान पिशवीत फार दिवस कोंडलेलं असतं. मुळं पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरून गुंता झालेला असतो. त्यापेक्षा बुटकं, जाड बुंध्याचं, तजेलदार पानांचं रोप चांगलं. संत्रा-मोसंबीची कलमं जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली असतात. तो जोड स्पष्ट दिसायला हवा आणि लावल्यावर मातीच्या वर वीतभर राहायला हवा. जोडाच्या खालून फुटणारी फूट खुंटाची असते, ती लगेच काढावी, नाहीतर काही वर्षांनी झाडाला संत्र्याऐवजी जंबेरी लागते.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकांना सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडच्या रोपवाटिकांत शोभेची पुष्कळशी रोपं आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. तिथं नर्सऱ्यांचं मोठं केंद्रच आहे. ती रोपं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला, तर दोन्ही मात्यांचं जमत नाही. भोवतालची काळी माती ओली असते आणि गोळा आत कोरडाठाक राहतो. काकूंचा मोगरा असाच आलेला होता. आम्ही तो गोळा पाण्याच्या बादलीत बुडवला. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वाट पाहिली. मग काकूंनी बोटांनी हलकेच बाहेरची लाल माती सोडवली. पांढरी बारीक मुळं मोकळी झाली, पाण्यात पसरली. ती मुळं मग काळ्या माती-शेणखताच्या मिश्रणात अलगद बसवली. पंधरा दिवसांत त्या मोगऱ्याला नवी फूट आली.

सरांच्या अंगणात एक कागदी लिंबूही ठरला होता. त्याची लागवड जुलैत केली. पहिल्या पावसात लावायची घाई करू नये, कारण तो पाऊस तापलेल्या जमिनीला पुरत नाही. चांगले दोन-तीन पाऊस होऊन ओल हातभर खाली गेली, की लावावं. खड्डा मेमध्येच दोन फूट लांब-रुंद-खोल करून उन्हात तापवला होता. मलबा वेचून काढला, खालची काळी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी ढेप एकत्र करून खड्डा भरला. भरताना जमिनीच्या वर वीतभर उंचवटा ठेवला, कारण माती बसते. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर पिशवी ब्लेडनं उभी चिरली. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच मातीत ठेवलं. खोल गाडलं की बुंधा कुजतो. भोवतालची माती पायानं न तुडवता हातानं दाबली. मग दुहेरी आळं केलं: आतलं बुंध्याभोवती उंच मातीचं, आणि त्याच्या बाहेर पाणी द्यायचं. लिंबाच्या बुंध्याला पाणी लागू नये, मुळांना लागावं. शेवटी तुराटीचा आधार देऊन सुतळीचा सैल आठ बांधला. सर म्हणाले, "एवढं सगळं एका लिंबासाठी!" काकू म्हणाल्या, "वीस वर्षं लिंबं द्यायची आहेत त्याला."

लावणं एका दिवसाचं, पाणी मात्र वर्षभराचं. वर्ध्याला वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे आठ महिने झाड आपल्यावर अवलंबून असतं, आणि नळ रोज येईलच असं नाही. म्हणून मी प्रत्येक घरी एकच प्रश्न आग्रहानं विचारते: मे महिन्यात घरी कोण असतं? मुलांच्या सुट्ट्या लागल्या की घराला कुलूप लावून महिनाभर गावी जाणारं कुटुंब असेल, तर त्यांनी कुंड्यांची रांग करू नये. तापलेल्या कुंडीतलं झाड दोन दिवसांत जातं, जमिनीतलं आठवडा काढतं.

पाणी वाचवायचे आपल्याकडचे उपाय स्वस्त आणि खात्रीचे आहेत. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार गावात सहज मिळतं. आळ्यात त्याचा चार बोटं जाड थर द्यावा, बुंध्यापासून थोडं दूर. काळी माती मग भेगाळत नाही. भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात, आणि झाड वाळण्याचं ते एक मोठं कारण आहे. रोपाजवळ बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं, की पाणी झिरपून मुळांना मिळत राहतं. न्हाणीचं पाणी केळीला आणि कर्दळीला सोडावं. कपडे धुतलेलं पावडरचं पाणी मात्र रोज एकाच जागी सोडू नये. त्यातल्या सोड्यानं काळी माती दगडासारखी होते.

सेलूकडे, बोर अभयारण्याच्या बाजूच्या गावांमध्ये प्रश्न पाण्याच्या बरोबरीनं वानरांचा असतो. जांब पिकायच्या आत टोळी येते आणि वालाचा मांडवही ओरबाडून नेते. तिथल्या घरांसाठी मी लिंबू, करवंद आणि हळद यांवर भर देते. हळदीला वानरं सहसा तोंड लावत नाहीत. आणि हळदीची तर आपल्या जिल्ह्याला परंपराच आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग गडद आणि तिच्यात कुरकुमीनचं प्रमाण चांगलं. त्या भागातल्या एका आजींकडून मी बेण्याचे कंद आणले होते. पैसे द्यायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, "पैसे नको देऊ बाई. पुढच्या साली तू कोणाले तरी दे." तेव्हापासून दरवर्षी मी काही कंद असेच वाटते. मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये गादीवाफ्यावर लावावेत, म्हणजे पाणी साचून कंद कुजत नाहीत. अर्धी सावली चालते, म्हणून झाडाखालची रिकामी जागाही कामी येते. जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळला की काढणी.

लागवडीच्या गडबडीत, जे न लावता येतं त्याकडे आपलं लक्ष जात नाही. १९३५ साली गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. ग्रामोद्योग संघाचं काम तिथून चालायचं, आणि जेवणात कच्च्या पालेभाज्यांचे प्रयोग सुरू होते. त्या आवारात पावसाळ्यात आपोआप उगवणारी घोळसुद्धा त्यांनी ताटात आणली आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिलं. आजही पावसाळ्यात आपल्या अंगणात घोळ उगवते, तरोटा उगवतो. आपण गवत समजून उपटतो. माझं म्हणणं, अंगणाचा एक कोपरा खुरप्याविना सोडावा. पाऊस पडला की कोवळा तरोटा खुडून भाजी करावी, आणि जमीन काय देऊ शकते ते तिच्याकडूनच समजून घ्यावं.

लावून दिलेल्या बागा मी अधूनमधून बघायला जाते. काही बहरल्या आहेत, काही उजाड झाल्या आहेत. या जाण्या-येण्यात एक गोष्ट वारंवार दिसली. ज्या झाडाचं घरात रोज काम पडतं, ते झाड सहसा मरत नाही. फोडणीला गोडलिंब लागतो, वरणावर लिंबू पिळायचं असतं, देवाला जास्वंद आणि तुळस हवी असते, श्रावणात धोप्याच्या वड्या करायच्या असतात. खुडायला म्हणून माणूस रोज त्या झाडापाशी जातो, आणि गेला की पान कोमेजलेलं दिसतं, कीड दिसते, माती कोरडी दिसते. तांब्याभर पाणी आपसूक पडतं. नुसतं बघण्यासाठी लावलेलं झाड पहिल्या महिन्यात बघितलं जातं आणि पुढे नजरेआड होतं.

म्हणून अंगण बघून झालं, की मी शेवटी स्वयंपाकघरात आणि देवघरापाशी बसते. रोज भाजी कोणती होते, फुलं किती लागतात, आजारपणात कोणता काढा करतात, हे विचारते. उन्हानं आणि मातीनं जी यादी दिलेली असते, तिच्यातून या घराला रोज लागणारी झाडं वेगळी काढते. उरतात ती थोडीच असतात. तेवढीच लावावीत. त्यांचा पहिला उन्हाळा निभावला, की मग पुढच्या पावसाळ्यात हौसेची दोन जास्त लावायला जागाही असते आणि हाताला सवयही झालेली असते.